दलालीचा ताळेबंद

परवा माझा भाचा म्हणाला, “मामा, नोकरीत काय ठेवलंय? रविवारी चार घरं दाखवली की झालं. एका सौद्यात महिन्याचा पगार सुटतो.” मी काही न बोलता माझी २०२२ सालची वही त्याच्यापुढे ठेवली.

त्या वर्षी याच समजुतीने मीही कल्याण-बदलापूर पट्ट्यात जुन्या घरांची दलाली करून पाहिली. मी खाजगी कंपनीत कारकून. रविवारचे पाच तास आणि इतर संध्याकाळचे मिळून तीन, असे आठवड्याला आठ. चौतीस आठवड्यांचे झाले २७२ तास. घर दाखवायला अर्धा तास पुरतो. वेळ खातात ती पुढची कामे : किल्लीची वाट पाहणे, मालकाच्या भावांची संमती, सोसायटीचा ना-हरकत दाखला, गिऱ्हाइकाच्या कर्जाचे कागद, नोंदणी कार्यालयातली रांग.

सौदा जुळला एकच. अठ्ठावीस लाखांचे घर, दलाली शेकडा एक, म्हणजे २८,००० रुपये. गिऱ्हाईक दुसऱ्या दलालाने आणलेले, म्हणून निम्मे त्याचे. उरलेल्या १४,००० मधून पेट्रोल, फोन व झेरॉक्सचे ५,६०० वजा जाता ८,४०० रुपये. तासाला जेमतेम ३१ रुपये!

एक गोष्ट मात्र वहीत मांडता आली नाही. घर पसंत, भाव ठरलेला, आणि मालक विचारतो, “पार्टीचं आडनाव काय?” दुसऱ्या दिवशी निरोप येतो, घर विकायचेच नाही. असे तीन वेळा घडले. एक जुना दलाल म्हणाला, “आडनाव आधीच विचारत जा, वेळ वाचेल.” वाचला असता खरा. पण भाड्याची खोली शोधताना जो प्रश्न मला दारोदार टोचला, तोच मी दुसऱ्याला विचारायचा? नाही विचारला. तास गेले ते गेले.

भाच्याला मी “करू नकोस” म्हटले नाही. एवढेच सांगितले की, नव्या प्रकल्पातली घरे विकायची तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे दलालाला नोंदणी लागते. आपल्या राज्यात त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी नसेल तर नोकरी सोडू नये.

आपल्या मुलांनी धंद्यात जरूर उतरावे. पण पैशाबरोबर तासांचाही हिशेब ठेवावा. आणि आडनाव विचारून वाचवलेला वेळ जमेच्या बाजूला कधीही धरू नये.