निदान

मराठींत 'निदान' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. वैद्य रोगाचें मूळ शोधतो तें निदान. आणि 'फार नाहीं, तरी एवढें' असें सांगावयाचें असतें तेव्हांहि आपण 'निदान' असेंच म्हणतों. पहिला अर्थ शास्त्राचा, दुसरा व्यवहाराचा. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे नांदूं लागले हें भाषापंडितांनीं सांगावें; मला त्यांचा शेजार फार उचित वाटतो. कोणाच्या माथीं दोष मारण्यापूर्वीं निदान निदान तरी करावें, ही अपेक्षा कांहीं मोठी नव्हे. परंतु ती सहसा पुरी होत नाहीं.

हा विचार मनांत रुजला तो एका मालमोटारीमुळें. माझे एक आप्त कोल्हापुरास मालवाहतुकीचा धंदा करितात. त्यांच्याकडे जुन्या घडणीची, सहा नळकांड्यांची एक मालमोटार आहे. ती गूळ भरून पुण्यास जाते आणि मिळेल तो माल घेऊन परतते. खेप सुमारें ४५० किलोमीटरांची. लिटरास पांच किलोमीटर या हिशेबानें खेपेला ९० लिटर डिझेल लागे. एके वर्षीं पावसाळा सरतां सरतां हा आंकडा वाढूं लागला व दिवाळीच्या सुमारास १०४ लिटरांवर जाऊन थांबला. धंद्यांतल्या भाषेंत सांगावयाचें तर 'ॲव्हरेज पडलें'. खेपेमागें चौदा लिटर तेल कोठें जातें, या प्रश्नाला आमच्या आप्तांनीं जें उत्तर दिलें तें त्या धंद्यांतील बहुतेकांनीं दिलें असतें : चालक विकतो. हा चालक त्यांच्याकडे एकोणीस वर्षें होता. अड्ड्यावरचीं पोरें त्याला मामा म्हणत, आणि मालकहि मामाच म्हणत. परंतु चौदा लिटरांची किंमत दर खेपेला त्याच्या पगारांतून कापली जाऊं लागली, आणि अड्ड्यावर कुजबूज सुरू झाली.

कपातीपेक्षां ती कुजबूज मामांना अधिक लागली. मी त्यांच्याशीं बोललों तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "सर, पैसं मी फेडीन. पर पोरीची सोयरीक चाललीया. तिथं ही गोष्ट कानावर गेली तर काय सांगू?"

मी तर्कशास्त्र शिकवितों. चोरीचें हें अनुमान कोणत्या आधारावर केलें, असें मीं आप्तांना विचारलें. "तेल जातं आणि गाडीखाली थेंब दिसत नाही, मग दुसरं काय असणार?" असें ते म्हणाले. ऐकण्यास हें सरळ वाटतें. परंतु त्यांत एक गृहीत दडलेलें आहे, तें असें कीं गळती असेल तर ती दिसलीच पाहिजे. हें गृहीत खरें कीं खोटें, हें पुस्तकांवरून ठरणारें नव्हतें. म्हणून गाडी एका जाणत्या मिस्त्रींकडे न्यावी असा मीं आग्रह धरला, आणि सुट्टीचा दिवस असल्यामुळें मीहि बरोबर गेलों.

मिस्त्रींनीं काय केलें हें समजण्यास डिझेल इंजिनाचा स्वभाव थोडासा ठाऊक पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी लागते. यांत ठिणगी नाहीं. नळकांड्यांत हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबानें ती ५०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते, आणि त्या तप्त हवेंत तेलाचा अत्यंत बारीक फवारा सोडला कीं तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९२ सालीं या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, व १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. परंतु तेल आंत घालण्यासाठीं त्याला दाबलेल्या हवेचा झोत वापरावा लागे, आणि त्या झोताचें अवजड यंत्र बरोबर बाळगून रस्त्यावर धांवणें दुरापास्त होतें. १९१३ सालीं डिझेल इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहींसा झाला. १९२७ सालीं बॉशच्या कारखान्यांतून तेल-पंप मोठ्या संख्येनें बाहेर पडूं लागले, तेव्हां कोठें मालमोटारींना हें इंजिन खऱ्या अर्थानें लाभलें. सारांश, या धिप्पाड यंत्राचा जीव तेल मोजून फवारणाऱ्या एका इवल्या अवयवांत आहे. त्याला आपल्याकडे नोझल म्हणतात. त्यांतील सुई आणि तिचें घर यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोनचार पट असते. मनुष्याचा केंस त्या फटीच्या वीसएक पट जाड भरेल.

टाकीपासून या नोझलापर्यंत तेलाचा प्रवास तीन मुलुखांतून होतो, आणि प्रत्येक मुलुखाचा कायदा वेगळा. टाकीपासून फीड पंपापर्यंत तेल ओढलें जातें. येथें नळीला भोंक पडलें तर इंजिन चालू असतांना तेल बाहेर येण्याऐवजीं हवाच आंत शिरते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं 'एअर पकडते' ती बहुधा या मुलुखांतल्या दोषानें. फीड पंपापासून मोठ्या पंपापर्यंत दाब बेताचा असतो. येथली गळती थेंबाच्या रूपानें दिसते. मोठ्या पंपापासून नोझलापर्यंत दाब प्रचंड. जुन्या इंजिनांत नोझल उघडतें तेंच सुमारें २०० वातावरणांच्या दाबाला. या नळीला केंसाएवढी चीर पडली तर निघणारी धार डोळ्यांना दिसेलच असें नाहीं, परंतु ती कातडी भेदून आंत जाते. जखम टांचणी टोंचल्यासारखी दिसते, आणि तिच्यापायीं बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. अशा मनुष्याला दुखो न दुखो, तत्काळ शस्त्रवैद्याकडे न्यावें लागतें. नोझलांत फवारून उरलेलें थोडेसें तेल परतीच्या नळीनें टाकीकडे जातें.

मिस्त्रींनीं प्रथम पाना उचलला नाहीं. त्यांनीं मामांना जवळ बसवून प्रश्न विचारले. त्रास केव्हांपासून? थंड असतांना अधिक कीं तापल्यावर? धूर कसा? मामांनीं सांगितलें कीं सकाळीं पांढरा धूर येतो व इंजिन अडखळतें. तापल्यावर अडखळणें कमी होतें. आणि भरल्या गाडीनें घाट चढतांना काळा धूर निघतो. आमच्या न्यायशास्त्रांत पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें अनुमान करितात, आणि पिढ्यानुपिढ्या विद्यार्थी तेंच उदाहरण घोकीत आले आहेत. मिस्त्रींच्या न्यायांत धुराला रंगहि असतात. काळा धूर म्हणजे तेल अर्धवट जळत आहे. निळा म्हणजे वंगण जळत आहे. पांढरा म्हणजे तेल न जळतांच वाफ होऊन बाहेर पडत आहे, किंवा पाणी आंत शिरलें आहे. नैयायिकांचा धूर अग्नि असल्याची साक्ष देतो. पांढरा धूर, उलट, अग्नि लागला नाहीं याची साक्ष देतो.

मग त्यांनीं इंजिन धुऊन कोरडें केलें, सर्व सांध्यांवर अंगाला लावण्याची साधी पांढरी पावडर भुरभुरली, आणि इंजिन चालू केलें. थोड्या वेळानें परतीच्या नळीचा एक सांधा ओलावला. आंतलें तांब्याचें वायसर झिजलें होतें. आमच्या आप्तांना हायसें वाटलें. कारण सांपडलें, आतां घरीं जावें, असा त्यांचा चेहरा झाला. परंतु मिस्त्री म्हणाले, "आण्णा, ही गळती आठवड्याला वाटीभर. चौदा लिटर कुठं आणि वाटी कुठं?" एक कारण सांपडलें म्हणजे कारण सांपडलें असें नव्हे, तें कार्याच्या मानानें पुरेसें आहे कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. किती तरी विद्वानांचे सिद्धांत या वाटीपाशींच अडकून राहिले आहेत.

ओढीच्या नळींत त्यांनीं पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला. बुडबुडे दिसले नाहींत. म्हणजे हवा शिरत नव्हती. दाबाच्या नळ्यांजवळ हात न नेतां पुठ्ठ्याचा तुकडा फिरविला. तो कोरडा राहिला. मग इंजिन संथ चालत ठेवून त्यांनीं एकेका नोझलाच्या नळीचा नट किंचित् सैल केला. नट सैल झाला कीं त्या नळकांड्याला तेल मिळेनासें होतें आणि इंजिनाचा आवाज पडतो. पहिल्याला पडला, दुसऱ्याला पडला, तिसऱ्याला पडला. चौथ्याचा नट सैल केला तरी आवाजांत कांहींच फरक झाला नाहीं. चौथें नळकांडें खात होतें, पण ओढीत नव्हतें.

मला वाटलें, संपलें. मिस्त्रींना तसें वाटलें नाहीं. दोष नोझलाचा, नळकांड्याचा कीं पंपाचा, हें अद्यापि ठरलें नव्हतें. त्यांनीं चौथ्याचें नोझल काढून दुसऱ्याला बसविलें व दुसऱ्याचें चौथ्याला. पुन्हां नट सैल केले. आतां चौथें नळकांडें कामाला लागलें होतें आणि दुसरें मुकें झालें होतें. दोष नोझलाबरोबर चालत गेला, म्हणून तो नोझलाचाच. यालाच आमचे शास्त्रकार अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत यालाच नियमांचें रूप दिलें. हें मी वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. पान्याच्या टोंकावर तें प्रथमच पाहिलें.

शेजारच्या पंपवाल्याकडे तपासणीचें हातयंत्र होतें. त्यावर चढवून दांडा दाबला कीं चांगलें नोझल करकर आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडतें आणि त्याचें टोंक कोरडें राहतें. आमचें नोझल आवाज न करतां थेंब थेंब गळत होतें. सुईवर गंज होता. तेलांतलें पाणी फिल्टरांतून पार होऊन तेथवर पोहोंचलें होतें. शेवटीं मिस्त्रींनीं इंजिनाच्या वंगणाची पट्टी काढली. कोणीं वंगण घातलें नसतांना पातळी खुणेच्या दोन बोटें वर आली होती. त्यांनीं तें बोटावर घेऊन हुंगलें व मालकांपुढें धरलें. डिझेलचा वास येत होता. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब सोडला, तेव्हां काळ्या ठिपक्याभोंवतीं फिकट तेलकट कडें पसरलें. न जळलेलें डिझेल नळकांड्याच्या भिंतींवरून ओघळून खालीं चेंबरांत उतरत होतें. गळती होती, ती बाहेर न होतां आंत होत होती.

हिशेबहि जुळला. सहांपैकीं एक नळकांडें पुरतें निकामी झालें, तर त्याच कामाला सरासरी सहा-पंचमांश तेल लागावें, म्हणजे नव्वदाचे १०८. तें अगदींच मेलेलें नव्हतें, तापल्यावर थोडें ओढीत होतें, म्हणून १०४. थोडें तेल चेंबरांत, वाटीभर रस्त्यावर, आणि बाकीचें धूर होऊन आभाळांत गेलें. आणखी कांहीं महिने असें चाललें असतें तर पातळ झालेल्या वंगणानें बेअरिंगें खाल्लीं असतीं. मामांनीं तेवढ्यांत आपली वही काढली. 'फिल्टर बदलणे' अशी नोंद तींत तीन वेळां होती, आणि प्रत्येक नोंदीपुढें मालकांचें उत्तर होतें : 'पुढच्या महिन्यात.' आमचे आप्त ती वही बराच वेळ पाहत राहिले.

आयुर्वेदांत निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत : कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. उपशय म्हणजे औषध वा आहार देऊन पाहून रोग ओळखणें. संप्राप्ति म्हणजे रोग कसा घडत गेला त्याचा क्रम. मिस्त्रींनीं या पांचांपैकीं एकहि अंग वगळलें नाहीं. आपण मात्र माणसाच्या बाबतींत रूप दिसतांच निर्णयावर येतों. संप्राप्तीची वाट पाहत नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नट सैल करून पाहण्याची ही युक्ति जुन्या इंजिनांपुरतीच. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या मालमोटारींत नळ्यांतील दाब दीड हजार वातावरणांच्याहि पुढें जातो. तेथें चालत्या इंजिनाचा नट सैल करणें म्हणजे जिवावरचा खेळ. तेथें प्रत्येक नोझलाचें परतीचें तेल सारख्या बाटल्यांत धरून पाहतात, आणि ज्याची बाटली इतरांहून लवकर भरते तें झिजलें असें समजतात. साधनें बदललीं, तर्क तोच राहिला.

नवें नोझल, नवें वायसर, नवे फिल्टर व ताजें वंगण पडल्यावर तिसऱ्या खेपेला ९१ लिटर लागले. कापलेले पैसे मालकांनीं परत केले. मामांनीं ते मोजून घेतले आणि म्हणाले, "मालक, हे अड्ड्यावर बी सांगा." मालक दुसऱ्याच दिवशीं अड्ड्यावर गेले आणि चहाच्या टपरीपुढें, चार माणसांच्या देखत, मोठ्यानें बोलले. मला त्यांचें हें करणें पैसे परत देण्याहून मोठें वाटलें. कारण पैशाची गळती वहींत दिसते, अब्रूची कोणत्याहि वहींत दिसत नाहीं.

मुलीची सोयरीक मोडली नाहीं. वैशाखांत लग्न झालें. मामा अजून तीच गाडी चालवितात. रोज सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं ते वंगणाची पट्टी पाहतात आणि पातळी वहींत लिहितात. त्या नोंदीखालीं आतां मालकांची सही असते.