देहूरोडचे वाण्याचे दुकान

देहूला निघालेला भाविक देहूरोडला फारसा रेंगाळत नाही. स्टेशनावर उतरायचे, रिक्षा धरायची आणि दोनेक कोसांवरचा इंद्रायणीकाठ गाठायचा, असा रिवाज. मी मात्र बाजारपेठेतल्या एका वाण्याच्या दुकानापाशी अडतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराचे डेपो आले, १९५८ साली कॅन्टोन्मेंट झाले, आणि चारी दिशांची माणसे येथे पोटामागे आली. त्यांची मोजदाद या दहा फुटी खोलीत करावी. कोणाला इडलीचा तांदूळ हवा, कोणाला राजमा, कोणाला काळा मसाला. शेठजी तिघांशी तीन तऱ्हेची हिंदी बोलतात. आम्हा व्याकरणवाल्यांचा तेथे काय पाड! डिसेंबर आला की ते मेणबत्त्यांचे खोके वाढवतात. १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती येथील विहारात बसवली. त्या दिवशी दुरून माणसे येतात.

पण खरा माल गल्ल्याखालच्या लाल वहीत! मोबाइलवरून पैसे घेण्याची पाटी काउंटरवर आहेच. तरी कंत्राटी कामगाराचा पगार लांबला की डाळ-तेल वहीत उतरते. मॉलमधला पोऱ्या कितीही अदबीने बोलला तरी ‘लिहून ठेवा’ म्हणण्याची सोय तेथे नाही.

देहूचे तुकोबाही वाणीच. दुष्काळात व्यापार बुडाला. मग त्यांनी वडिलार्जित कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या कान्होबाला अर्धी खते दिली आणि आपली अर्धी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. कीर्तनात बुडालेली खते नेहमी ऐकू येतात. कान्होबाच्या वाट्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मी शेठजींपाशी तो विषय काढला.

“सर, आमचं घर कान्होबाच्या वाट्यावर चालतं,” ते हसून म्हणाले.

२०२० च्या टाळेबंदीत कारखाने थांबले, मजूर आपापल्या मुलखाला गेले. सात खाती उघडीच राहिली. दर लक्ष्मीपूजनाला नवी वही येते, जुनी बाकी पुढे ओढली जाते. गेल्या दिवाळीत त्यांनी मला ते पान दाखवले. सातही नावे सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवली होती. रकमेच्या रकान्यात आकडा नव्हता. प्रत्येकासमोर लिहिले होते, ‘गावी गेला’.