कुठून मोजलं?

तिसरी-चौथीच्या मुलांना लांबी मोजायला शिकवणे हे अगदी सोपे काम, असा पुष्कळांचा समज असतो. पट्टी ठेवायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. संपले! आमच्या घरातही तोच समज आहे. "आई, छत्तीस वर्षं तू हेच शिकवत होतीस?" असे मुलगा थट्टेने विचारतो. हो बाबा, हेच शिकवत होते. आणि त्यात इतके काय होते, ते आज जरा सविस्तर लिहावे म्हणते.

मी १९७३ साली सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात, जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. बी.ए. नंतर बहिःस्थ बसून केले, तेही मराठी घेऊन. गणिताशी माझे तसे नाते नव्हते. पण प्राथमिक शाळेत बाईंना सगळेच शिकवावे लागते!

१९७२चा दुष्काळ तेव्हा सरलेला नव्हता. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप दुष्काळी कामावर जात. खडी फोडायची, मुरूम उपसायचा आणि मजुरी ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच. एके दिवशी एक बाई कामावरून परस्पर शाळेत आली. हात खडीच्या धुळीने पांढरे झालेले. म्हणाली, "बाई, माज्या पोरीला टेप वाचाया शिकवा. दगुड आमी फोडतो आन् मोजतो दुसराच. तो म्हनंल ते खरं." मोजणारा लबाड होता असे ती म्हणत नव्हती. तो खरा की खोटा हे आपल्याला कळत नाही, एवढेच तिचे दुखणे होते. अभ्यासक्रमात या धड्याचे उद्दिष्ट काय छापले होते ते मी केव्हाच विसरले, तिचे शब्द मात्र विसरले नाही.

तर मुद्द्यावर येते. पट्टी मी पहिल्या दिवशी काढतच नसे. आधी वीत. सगळ्यांनी बाईंचे टेबल वितीने मोजायचे. कुणाचे नऊ विती येई, कुणाचे दहा, माझे सात. मग भांडण! "बाई, तुमची वीत मोठी हाय." "मग टेबल कुणाचं खरं?" असे विचारले की वर्ग गप्प. गंमत म्हणजे, ज्याची वीत लहान त्याचा आकडा मोठा, ही गोष्ट मुलांना सांगून पटत नाही. टेबलाशी झटापट केली की आपोआप कळते. दोन विती म्हणजे एक हात हे बहुतेकांना घरूनच ठाऊक असे. बाजारात गजरा हातावर मोजून घेतलेला त्यांनी पाहिलेला असे. आजीचे नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, आणि वार म्हणजे तीन फूट, हे सांगितले की माप एकदम घरात येऊन बसे. सगळ्यांना एकच माप का लागते, हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की मगच पट्टी बाहेर काढायची.

आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. कंपासपेटीतली पट्टी नीट बघा. शून्याची रेघ पट्टीच्या टोकाला नसते, थोडी आत असते. काही मुले वस्तू पट्टीच्या टोकाला लावतात. काही एकच्या आकड्याला लावतात, कारण मोजणे एकपासून सुरू होते असे आपणच त्यांना पहिलीत शिकवलेले असते! शिवाय फूटपट्टीच्या एका कडेला बारा आणि दुसऱ्या कडेला तीस. एकाच पट्टीला दोन उत्तरे कशी, म्हणून मुले गोंधळतात. तीही पुन्हा लहान-मोठ्या वितीचीच गोष्ट.

माझी आवडती परीक्षा तुटक्या पट्टीची. टोके मोडलेली पट्टी घ्यायची, पेन्सिल तीनच्या रेघेपासून अकराच्या रेघेपर्यंत ठेवायची आणि विचारायचे, "किती?" एक म्हणतो अकरा, कारण शेवटचा आकडा तोच. दुसरी बोटाने रेघा मोजते आणि म्हणते नऊ. बरोबर उत्तर आठ. कारण रेघा मोजायच्या नसतात, रेघांमधल्या जागा मोजायच्या असतात. मग अंगणात पाच मुलांना हात पसरून ओळीत उभे करायचे आणि मधल्या जागा मोजायला लावायच्या. पाच मुले, चार जागा! हे एकदा उमगले की मूल आकडा सांगण्यापूर्वी विचारू लागते, "कुठून मोजलं?" हा प्रश्न मुलाच्या तोंडी आला की माझा धडा संपला असे मी समजत असे.

आलेखाचेही तेच. पुस्तकात चित्रालेख, स्तंभालेख वगैरे वेगळी प्रकरणे असतात, म्हणून मुलांना तो वेगळाच विषय वाटतो. माझ्या मते स्तंभालेख म्हणजे एकाच रेघेवर शेजारी शेजारी उभी केलेली मापे. बस, एवढेच. हे मला नीट दाखवता आले ते गावच्या विहिरीमुळे.

१९८५च्या ऑक्टोबरपासून आम्ही दर महिन्याला विहिरीचे पाणी मोजू लागलो. दोराला हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दोर मी सोडायची, मुलांनी कठड्यापासून लांब उभे राहून बघायचे. काठापासून दोर जिथवर कोरडा, तेवढे पाणी खाली. ऑक्टोबरला आठ हात, नोव्हेंबरला दहा, डिसेंबरला बारा, जानेवारीला पंधरा, फेब्रुवारीला अठरा. एवढा लांब कागद भिंतीवर मावेना, तेव्हा एका मुलाने सुचवले की एका हाताला दोन सेंटिमीटर धरू. प्रमाण म्हणजे काय हे मला शिकवावे लागले नाही!

पट्ट्या भिंतीवर ओळीने उभ्या चिकटवल्या. एक मुलगा आनंदाने ओरडला, "बाई, पाणी वाढलं!" मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, शांतपणे म्हणाली, "पानी न्हाई वाढलं, दोर वाढला."

दोर वाढला! आलेख वाचणे म्हणजे हेच की हो. पट्टी उंच आहे हे डोळ्यांना दिसते. ती कशाची आहे हे विचारावे लागते. मग मुलांनीच पट्ट्या काढल्या, एक सुतळी आडवी बांधली आणि तिच्यावरून पट्ट्या खाली सोडल्या, विहिरीत दोर सोडतात तशा. विहीर सव्वीस हात खोल, म्हणून सव्वीस हातांवर खाली लाल रेघ. आता चित्र खरे बोलू लागले. आठ हात उरले होते आणि महिन्याला तीन हात उतरत होते. एप्रिल सरता सरता, फार तर मेच्या सुरुवातीला तळ लागणार, असा मुलांनी हिशेब केला. आम्ही तो कागद गुंडाळून चावडीवर नेला. जाणती माणसे आधी हसली, मग गप्प झाली. त्या वर्षी टँकरचा अर्ज मार्चमध्येच गेला. टँकर आला तो मात्र स्वतःच्या सवडीने! असो.

मी २००९ साली निवृत्त झाले. आता फोनवरसुद्धा लांबी मोजता येते म्हणे. येऊ दे. पण पेपरात आणि टीव्हीवर स्तंभ बघते तेव्हा ती मुलगी आठवते. एखाद्या क्लासच्या जाहिरातीत मागच्या वर्षीचा निकाल ९४ टक्के, यंदाचा ९८, आणि यंदाचा स्तंभ मात्र तिप्पट उंच! खाली बारीक अक्षरांत पाहावे तर स्तंभ ९२ पासून सुरू केलेले. म्हणजे दोनच्या शेजारी सहा. आकडे खोटे नाहीत, पण पट्टी मोडकी आहे. कुठून मोजलं, हे विचारणाराच तेवढा फसत नाही.

ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांना एक काम सांगते. अंगणात किंवा गच्चीवर एक सरळ काठी उभी करा. रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मुलांना मोजू द्या आणि सावलीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर लावू द्या. फेब्रुवारीत सुरुवात करा. पट्ट्या हळूहळू आखूड होत जातील आणि आपल्या महाराष्ट्रात मे महिन्यात एका दिवशी पट्टीच उरणार नाही. गावागणिक हा दिवस थोडा मागेपुढे होतो. त्या दिवशी काय होईल ते मुलांना आधी सांगू नका. एप्रिलच्या शेवटी फक्त भिंतीकडे बोट दाखवा आणि विचारा, पुढची पट्टी केवढी येईल? उत्तर आले की मला जरूर कळवा.