बाबेलच्या नदीकाठचे गाणे

एके काळी जिवाभावाचा वाटलेला वाद्यवृंद पुढे परका कसा होतो, हे सांगताना मला माझगावच्या आमच्या चाळीपासून आरंभ केला पाहिजे. शेजारच्या कोकणी मुसलमान कुटुंबातील माझा मित्र १९७८ साली दुबईस नोकरीला गेला. वर्षभराने रजेवर आला, तेव्हा त्याच्या हाती टू-इन-वन होता आणि त्यात बोनी एम.ची कॅसेट. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' लागले की सारी गॅलरी नाचू लागे. बॉबी फॅरेलच्या त्या खर्जातल्या आवाजाची नक्कल करण्यात माझा हातखंडा होता. एकदा आई दारात येऊन म्हणाली, "बॅबिलॉन म्हणजे आपले बाबेलच ना रे? मग हे तेहिलीममधले. यावर कोणी नाचते का?" आम्ही हसलो आणि नाचत राहिलो.

१९८१ साली आमचे कुटुंब इस्राएलात आले आणि लोद येथे स्थिरावले. निरोप देताना मित्राने ती कॅसेट माझ्या हाती ठेवली. दुबई आणि लोद यांच्यामध्ये तेव्हा ना टपाल होते, ना टेलिफोन. त्याची पत्रे मुंबईस त्याच्या आईकडे येत आणि तेथून ती माउली ती मला धाडीत असे. ती निवर्तली आणि पत्रेही थांबली.

बोनी एम.शी असलेले नातेही असेच हळूहळू विरले. मी हिब्रू शिकलो. तिशा बेआवच्या, म्हणजे आपल्या बिरड्याच्या सणाच्या, रात्री १३७ वे तेहिलीम प्रथमच अर्थासह कानी पडले. बाबेलच्या पाण्याकाठी बसलेले बंदिवान, झाडांना टांगलेली वाद्ये, आणि गाणे म्हणून दाखवा असा धरणाऱ्यांचा आग्रह! त्यानंतर त्या तालावर पाय उचलेना. पुढे वाचनात आले की, ज्या आवाजाची मी नक्कल करीत असे तो फॅरेलचा नव्हताच. जर्मन निर्माता फ्रँक फारियान स्वतः गात असे आणि फॅरेल मंचावर केवळ ओठ हलवी. गाणेही मूळचे त्यांचे नव्हे. जमैकाच्या 'द मेलोडियन्स' यांनी ते १९७० साली ध्वनिमुद्रित केले होते. गुलाम करून आणलेल्यांच्या त्या वंशजांना बाबेल म्हणजे जुलमी सत्ता, हे ठाऊक होते. १९८६ साली बोनी एम. फुटला आणि पुढे त्याच नावाची निरनिराळी पथके हिंडू लागली. माझी कॅसेट कपाटात पडून राहिली.

२०२० च्या ऑगस्टमध्ये इस्राएल व अमिरातींमधील टेलिफोन सुरू झाले. मी मुंबईमार्फत मित्राचा शोध घेतला. तो नोकरी संपवून कोकणात परतला होता आणि २०१९ साली वारला होता. एका वर्षाने चुकामूक झाली.

२०२३ च्या मार्च महिन्यात मुलाबरोबर दुबई पाहिली. उंच मनोरे पाहून झाल्यावर मी त्याला देऱ्याच्या खाडीवर नेले. एका दिरहममध्ये प्रवाशांना पैलतीरी नेणाऱ्या लाकडी होड्या, अर्थात 'अब्रा', तेथे अजूनही चालत होत्या. मित्राने एका पत्रात लिहिले होते : "शुक्रवारी सुट्टी असते. खाडीकाठी बसतो, आपले तेच गाणे लावतो आणि घर आठवून अंमळ रडतो." तरुणपणी ते वाचून मी त्याच्या हळवेपणाला हसलो होतो.

काठावर बसून मुलाला मोबाईलवर ते गाणे लावण्यास सांगितले. खरे सांगतो, जुना आनंद परतला नाही. ताल ओळखीचा, पण जणू दुसऱ्याच कोणाच्या घरातून येत असलेला. मात्र एक गोष्ट त्या दिवशी उमगली. तेहिलीम आमच्या घरी होते आणि आम्ही नाचलो. ज्याच्या घरी ते नव्हते, तो परक्या मुलखात पाण्याकाठी बसून घरासाठी रडला. गाण्याचा अर्थ त्यालाच आधी कळला होता.

मुलाने विचारले, "बाबा, पुन्हा लावू का?" मी नको म्हणालो. इतकी वर्षे मला वाटत होते की, माझे त्या वाद्यवृंदाशी नाते तुटले. खाडीकाठी कळले की, मी हरवला होता तो ती कॅसेट देणारा हात. आपल्यापैकी कोणाच्या कपाटात अशी एखादी कॅसेट असेल, तर ती कोणी दिली हे मुलांना सांगून ठेवावे. आणि तो मनुष्य हयात असेल, तर आजच त्याला टेलिफोन करावा.