देहूरोड ते मोशी

देहू आणि देहूरोड हीं नांवें परगांवच्या माणसास एकच वाटतात. वस्तुतः तुकोबांचें देहू इंद्रायणीच्या कांठीं, आणि देहूरोड हें त्या क्षेत्रास जाणारांनीं उतरावयाचें आगगाडीचें ठाणें. पुढें या ठाण्याभोंवतीं लष्कराची छावणी वसली, आयुधभांडार आलें, दारूगोळ्याचा कारखाना आला आणि नुसत्या थांब्याचें गांव झालें. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथें बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या तिथीस येथील रस्ते आजहि माणसांनीं फुलून जातात. पश्चिमेस घोरवडेश्वराचा डोंगर व त्यांतील लेणीं. आषाढीच्या दिवसांत तुकोबांची पालखी चिंचोलीवरून याच रस्त्यानें निगडी-आकुर्डीकडे वळते, तेव्हां गांवाचा सारा वेग वारकऱ्यांच्या पावलांइतका होतो.

एरवीं मात्र हें गांव वेगाच्या उंबरठ्यावर बसलेलें आहे. जुना मुंबई-पुणें रस्ता गांवांतूनच जातो. जवळच किवळ्यास मुंबईचा द्रुतगति मार्ग सुरू होतो, आणि कात्रजकडे जाणारा बाह्यवळण रस्ताहि इकडूनच फुटतो. आमच्या गच्चीवर उभें राहिलें कीं रात्रीं गाड्यांचा घोष पावसाच्या सरीसारखा अखंड ऐकूं येतो. अशा ठिकाणीं राहणाऱ्या कुटुंबास मोटारीच्या कायद्याशीं परिचय ठेवणें प्राप्तच आहे. आमच्या घरीं तो परिचय गेल्या चैत्रांत अंमळ अधिकच दृढ झाला.

आमच्या वडील बंधूंचा, म्हणजे दादांचा, वाहन चालविण्याचा परवाना संपत आला होता. दादांचें वय सदुसष्ट. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें पंचावन्न वर्षांवरील माणसास खासगी वाहनाचा परवाना एका वेळीं पांचच वर्षें मिळतो. मुदत संपण्यापूर्वीं एक वर्ष व संपल्यानंतर एक वर्ष इतक्या अवधींत नूतनीकरणाचा अर्ज करतां येतो. ती संधि दवडली कीं पुनः गाडी चालवून दाखविण्याची परीक्षा. पूर्वीं मुदतीनंतर तीस दिवसांची जी सवलत होती, ती या दुरुस्तीनें गेली, हें पुष्कळ गृहस्थांस अद्यापि ठाऊक नाहीं. शिवाय चाळिशी उलटलेल्यास डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यास ‘नमुना १-अ’ म्हणतात. डॉक्टरांनीं दादांची दृष्टि तपासली, रंगांच्या ठिपक्यांतील आंकडे वाचावयास लावले, आणि दादांनीं ते अशा काहीं ठसक्यांत वाचले कीं शेजारच्या खोलींतील रोगीहि हंसले.

अर्ज भरतांना एक गोष्ट ध्यानांत आली. दादांचा जुना दूरध्वनि क्रमांक बंद होऊन बराच काळ लोटला होता. परवान्यावर तोच, आणि मोटारीच्या नोंदणीवरहि तोच. येथें वाचकांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं चालकाची नोंद व वाहनाची नोंद या सरकारदप्तरीं दोन निराळ्या वह्या आहेत. एकीचें नांव ‘सारथी’, दुसरीचें ‘वाहन’. एकींत क्रमांक बदलला म्हणजे दुसरींत आपोआप बदलत नाहीं. आम्हीं दोन्हींकडे बदल करविला, आणि मग सहज म्हणून राज्याच्या ई-चलानाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला, तों तेथें तीन सूचनापत्रें वाट पाहत बसलेलीं! तिन्ही वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल, आणि तिन्ही दादांच्या नांवें. जे दादा गेलीं चार वर्षें भाजी मंडईपलीकडे गाडी नेत नाहींत, त्यांच्या नांवें!

दादांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षें नोकरी केली, एक लाल शेरा पडला नाहीं, आणि आतां हें. त्यांचा पहिला उद्गार असा कीं, “पैसे भरून टाका आणि विषय संपवा, सरकारशीं वाद कशाला?” वहिनींनीं मात्र चष्मा लावून छायाचित्रें पाहिलीं. पहिल्या दोहोंत गाडी आमचीच, ठिकाण बोरघाटांतलें, वेळ शुक्रवारीं रात्रींची. वेग एकदां ७८ व एकदां ८१, आणि घाटांत लहान मोटारीस मर्यादा ६० ची. तिसऱ्या चित्रांतील गाडी पांढरी खरी, पण क्रमांकाचा शेवटचा आंकडा आठ, आमचा तीन. पाटीवर चिखल उडालेला. यंत्रानें आठाचा तीन वाचला असावा.

द्रुतगति मार्गावर २०२४ च्या जुलैपासून जी कॅमेऱ्यांची नवी व्यवस्था सुरू झाली आहे, ती क्षणाचा वेग मोजते. शिवाय कांहीं टप्प्यांत दोन कमानींमधील अंतर किती वेळांत कापलें यावरून सरासरीहि काढते. त्यामुळें कॅमेरा दिसतांच ब्रेक दाबावयाचा आणि पुढें पुनः सुटावयाचें, ही हुशारी तेथें चालत नाहीं. यंत्र चुकत नाहीं असें मात्र नाहीं. केंद्राच्या नियमांतहि अशा यंत्रास मान्यतेचें प्रमाणपत्र लागतें, रस्त्यावर आधीं सूचनेचा फलक लागतो, आणि अपराधाची सूचना पंधरा दिवसांत धाडावी लागते. यंत्राचें म्हणणें तपासून पाहण्याचा नागरिकास हक्क आहे, आणि तो बजावणें म्हणजे सरकारशीं भांडणें नव्हे.

राहिलीं पहिलीं दोन. त्या शुक्रवारीं गाडी कोणी नेली होती हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. आमचे पुतणे चाकणच्या एका कारखान्यांत अभियंते आहेत. महिन्यांतून दोनदां सासुरवाडीस ठाण्याला जातात. ते जेवावयास बसले असतां वहिनींनीं एवढेंच विचारलें, “त्या रात्रीं गाडींत कोण कोण होतें?” ताटावरील हात थांबला. गाडींत सून होती आणि सहा वर्षांची नात मागें झोंपलेली होती.

आम्हांस हिशेबाची संवय. म्हणून तेथेंच कागदावर मांडून दाखविलें. ताशीं ६० म्हणजे सेकंदास सुमारें पावणेसतरा मीटर, ७८ म्हणजे पावणेबावीस. डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदांत पांच मीटरांचा फरक. त्यापुढें, वेग सवाईहून थोडा अधिक झाला तरी ब्रेक लावल्यावर थांबण्याचें अंतर वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होतें. आणि मिळविलें काय? दहा किलोमीटरांत सव्वादोन मिनिटें! भक्ति बर्वे २००१ सालीं याच महामार्गावर गेल्या. २०१२ च्या डिसेंबरांत आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे आणि त्यांचें लेंकरूं गेलें, तें तर आमच्या गांवाच्या जवळच. त्या अपघातांचीं कारणें निराळीं असतील. पण रस्ता तोच.

पुतणे म्हणाले, “काका, दंड मी भरतों, पण बाबांच्या नांवावर ही गोष्ट राहूं नये.” हें बोलणें आम्हांस आवडलें, आणि कायद्यासहि तें मानवतें. वेगाचा दंड गाडी हांकणारास सांगितला आहे. लहान मोटारीस कायद्यांत तो एक हजार ते दोन हजार रुपये आहे, आणि अपराध दुसऱ्यांदां घडल्यास चालकाचा परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. सूचनापत्र मालकाकडे येतें तें केवळ गाडीवरून मालकच सांपडतो म्हणून. पोलिसांनीं विचारल्यास चालक कोण हें सांगणें मालकाचें कर्तव्यच आहे. दादा तरीहि कुरकुरले कीं मुलाचें नांव कशाला घालावें. त्यावर वहिनींचें उत्तर असें होतें कीं बापानें मुलाचा दंड मुकाट्यानें भरला तर मुलगा पुढच्या शुक्रवारीं ९० नें जाईल. आमचें मत वहिनींच्या बाजूस पडलें.

दुसरे दिवशीं आम्ही तिघे मोशीस निघालों; पिंपरी-चिंचवडचें परिवहन कार्यालय तेथें आहे. गाडी पुतण्यांनींच हांकली. निगडीस भक्ति-शक्तीच्या चौकांत शिवराय व तुकोबा यांच्या भेटीचें शिल्प आहे, तेथून स्पाइन रोडला वळलों. दुतर्फा उंच इमारती, मधूनच एखादें जुनें शेत, कांद्याच्या गोण्या, आणि पुढें कारखान्यांकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग. फलकावर ५० चा आंकडा दिसला कीं दादा मागून मोठ्यानें वाचीत. कार्यालयांत गर्दी होती, पण काम रीतीनें चाललें होतें. मूळ कागद पाहिले गेले, दादांचें छायाचित्र निघालें. बाहेर ‘सर्व करून देतों’ म्हणणारे कांहीं गृहस्थ घोळक्यानें उभे होते. त्यांस नमस्कार करून पुढें जावें हें बरें. तसेंच, दंड भरा म्हणून येणाऱ्या संदेशांतील दुव्यास हात लावूं नये. खोट्या संदेशांचा सध्यां सुळसुळाट आहे. सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक घालावा, तेथें छायाचित्र दिसतें.

पुतण्यांनीं पहिल्या दोन सूचनापत्रांस उत्तर देतांना चालक म्हणून आपलें नांव लिहिलें व पैसे भरले. तिसऱ्यावर तक्रार नोंदविली. सोबत आमच्या गाडीच्या पाटीचें स्वच्छ छायाचित्र जोडलें. तीन आठवड्यांनीं तें सूचनापत्र रद्द झाल्याचें कळलें. दादांनीं तो निरोप दोनदां वाचून घेतला.

परवाना त्यापूर्वींच टपालानें घरीं आला होता, तोहि ‘स्पीड पोस्टा’नें. वहिनींनीं तो देवघराशेजारच्या फडताळांत ठेवला आहे, आणि मोटारीची किल्ली आतां त्याच फडताळांत असते. शुक्रवारीं संध्याकाळीं ती मागावयास पुतणे येतात तेव्हां निघण्याची वेळ वहिनींस सांगावी लागते. ठाण्यास पोंचल्यावर फोन करावयाचा तो नातीनें.