निळ्या बाणाची वाट

इंग्लंडला फिरायला जाणाऱ्यांची यादी साधारण ठरलेली असते. टॉवर ब्रिज, राजवाडा, एखादं म्युझियम आणि परतीच्या बॅगेत चॉकलेट्स. मागच्या जूनमध्ये मी ताईकडे क्रॉयडनला गेले तेव्हा माझीही यादी अशीच होती. ताईने ती वाचली आणि एवढंच विचारलं, ‘‘तुला सायकल अजून येते ना?’’

येत होती. पण नववीत असताना क्लासवरून परतताना दोन मुलं रोज मागे यायला लागली, तेव्हा बाबांनी माझी सायकल विकून टाकली. मुलांना कुणी काही बोललं नाही, सायकल मात्र गेली. त्यानंतर 11 वर्षं मी हँडलला हात लावला नव्हता. ताईला हे सगळं माहीत होतं.

तिचीही एक गोष्ट होती. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती घर, किराणा दुकान आणि बाळाचा पार्क यापलीकडे कुठे गेली नव्हती. ‘‘कुठेही वळलं की वाटायचं, इथे यायची परवानगी आहे की नाही कोण जाणे,’’ ती म्हणाली. मग तिने एक जुनी ग्रॅव्हल बाइक घेतली.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे शर्यतीची सायकल आणि माउंटन बाइक यांच्यामधली सायकल. हँडल खाली वळलेलं, पण टायर रुंद, साधारण 40 मिलिमीटरचे. चढासाठी हलके गिअर आणि डिस्क ब्रेक. डांबरी रस्ता संपून खडीची, मातीची वाट सुरू झाली तरी उतरावं लागत नाही. माझ्यासाठी ताईने शेजारणीची सायकल मागून आणली होती.

बाणांची भाषा

इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतं, कुरणं बहुतेक खासगी मालकीची असतात. तरीही त्यांच्यामधून जाणाऱ्या हजारो वाटांवर सगळ्यांचा कायदेशीर हक्क आहे. मालक कुंपण घालू शकतो, पण वाट बंद करू शकत नाही. म्हणून प्रत्येक कुंपणाला फाटक आणि फाटकाच्या खांबावर छोटा बाण. पिवळा बाण म्हणजे पायवाट, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, मूळची घोडेवाट. 1968 च्या कायद्याने या घोडेवाटा सायकलींनाही खुल्या झाल्या, मात्र चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं. जांभळा आणि लाल बाण असेल तरी सायकल नेता येते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर या सगळ्या वाटा दाखवलेल्या असतात.

‘‘निळा बाण दिसला की कुणाला विचारायचं नाही,’’ ताईने मला बजावलं. मी तरी पहिल्या फाटकाशी थांबलेच. समोर कुणाचं तरी शेत, त्यात मेंढ्या. आता कुणीतरी ओरडणार, असं वाटत राहिलं. कुणी ओरडलं नाही. ताई फक्त म्हणाली, ‘‘मागे फाटक नीट लाव.’’

विंचेस्टर ते ईस्टबोर्न असा साउथ डाउन्स वे सुमारे 160 किलोमीटरचा आहे. सायकलवाल्यांसाठी त्याची मोठी सोय म्हणजे तो पूर्ण लांबीभर सायकलने करता येतो. डाउन्स नाव असलं तरी हे आहेत गवताळ, गोलाईदार डोंगर. मुरब्बी लोक तो दोन-तीन दिवसांत करतात. आम्ही त्यातला छोटा तुकडा निवडला. हॅसक्स स्टेशनवर उतरायचं आणि लुईस स्टेशनवरून परतायचं, अंतर 25 किलोमीटरच्या आसपास. रविवार निवडला, कारण कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळेत लंडनच्या बहुतेक गाड्यांमध्ये घडी न होणारी सायकल नेऊ देत नाहीत.

क्लेटन गावावर दोन पवनचक्क्या आहेत, जॅक आणि जिल. पांढरी जिल मुळात ब्रायटनमध्ये बांधलेली. 19 व्या शतकात ती बैल जुंपून या टेकडीवर ओढत आणली. मला ते खोटं वाटलं नाही, कारण त्याच चढावर मी सायकल हाताने ढकलत होते आणि बैलांबद्दल सहानुभूती वाटत होती.

वर पोहोचलं की वाट पांढरी होते. हे डोंगर खडूचे आहेत. कोरड्या दिवसात त्यावर टायर छान पकडतो, पाऊस पडला की तीच वाट साबणासारखी निसरडी. म्हणून मे ते सप्टेंबर हा काळ बरा, जूनमध्ये तर रात्री 9 पर्यंत उजेड असतो. खडूत गारगोटीचे धारदार तुकडेही असतात. त्यांच्याविषयी पुढे सांगतेच.

एका वळणावर समोर घोड्यावरची बाई दिसत होती. मी मागून जोरात घंटी वाजवली. घोडा दचकून बाजूला सरकला. बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘‘घंटीपेक्षा बोला. माणसाचा आवाज त्याला ओळखीचा असतो.’’ त्यानंतर मी प्रत्येक घोड्याला लांबूनच ‘गुड मॉर्निंग’ केलं.

डोंगरावरची छत्री

पवनचक्क्यांपासून दक्षिणेला एक घोडेवाट फुटते. सुमारे 3 किलोमीटरवर, मेंढ्या चरतात त्या उतारावर, पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. तिचं नावच ‘द छत्री’. आम्हा इंदूरकरांना छत्री म्हटलं की कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या छत्र्या आठवतात. तोच शब्द इंग्रजांच्या कुरणात पाहून मी सायकलवरून उतरले.

पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या भारतीय सैनिकांवर ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या राजमहालात उपचार होत. त्यांच्यापैकी जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांना या डोंगरावर अग्नी दिला गेला. 1921 मध्ये तिथे ही छत्री उभी राहिली. आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. 2010 मध्ये शेजारी दगडावर 53 जणांची नावं कोरली गेली. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगजवळ झालं.

इथपर्यंत मोटारीचा रस्ता नाही. चालत, घोड्यावर किंवा सायकलवर यावं लागतं. ताई याआधी तीनदा येऊन गेली होती, हे मला तिथे कळलं. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘‘काय सांगणार? आई म्हणाली असती, पोरांना टाकून स्मशानात कशाला जातेस,’’ ती म्हणाली. आम्ही दोघींनी नावं वाचली. वारा इतका होता की मोठ्याने वाचावी लागली.

तिथून परत वर येऊन डिचलिंग बीकन गाठलं, उंची 248 मीटर. दक्षिणेला समुद्र, उत्तरेला झुडपांच्या कुंपणांनी आखलेली शेतं. आणि तिथेच माझं मागचं चाक बसलं. गारगोटीचा नखाएवढा तुकडा टायरमध्ये रुतला होता. ताईच्या सायकलला ट्यूबलेस टायर आहेत, बारीक भोक आतल्या सीलंटने आपोआप बुजतं. माझ्या उसन्या सायकलला ट्यूब होती. एकेकाळी फ्यूज बदलायलाही जिजाजींची वाट पाहणाऱ्या ताईने चाक काढलं, तुकडा शोधला, ट्यूब बदलली आणि हातपंप माझ्याकडे दिला. हवा भरताना माझे हात थरथरत होते. तेव्हा जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या घेतल्याशिवाय निघू नका. पाणी किमान दीड लिटर. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी घालाच.

सवय झाल्यावर मोठा पल्ला करायचा असेल तर किंग आल्फ्रेड्स वे आहे. 2020 मध्ये सायकलिंग यूके या संस्थेने आखलेला हा विंचेस्टरपासून विंचेस्टरपर्यंतचा 350 किलोमीटरचा फेरा स्टोनहेंज आणि एव्हबरीवरून जातो. रिजवे ही प्राचीन वाटही सुंदर, पण सायकलसाठी तिचा पश्चिमेकडचा भाग घ्यावा. पूर्वेकडे बराच भाग पायवाटेचा आहे. ताई पुढच्या वर्षी आल्फ्रेडचा फेरा करणार म्हणते. मला विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही, पण इंदूरला परतल्यावर सायकलच्या दुकानात दोनदा जाऊन आले.

ब्लॅककॅपच्या झाडीतून लुईसचा उतार लागला. तिथे मी 11 वर्षांत पहिल्यांदा ब्रेक सोडून सायकल धावू दिली. स्टेशनवर खडूने पांढरे झालेले पाय आणि सायकली, असा दोघींचा फोटो ताईने घरच्या ग्रुपवर टाकला. आईने लगेच विचारलं, ‘‘दोघीच गेलात?’’ बाबा बराच वेळ टाइप करत होते. गाडी सुटताना त्यांचा मेसेज आला, ‘‘सीट थोडी खाली आहे. वर घे, गुडघे दुखतील.’’