अपुऱ्या नाटकांचे कागद

संगीत नाटकांच्या जुन्या जाहिराती, प्रयोगांची पत्रके आणि थिएटरात आण्या-दोन आण्याला मिळत ती पदांची पुस्तके आम्ही जमवतो. सगळा संग्रह दोन पत्र्याच्या ट्रंकांत मावतो.

सुरुवात अब्बांपासून झाली. अब्बा गिरगावातल्या एका छापखान्यात ट्रेडल मशीन चालवत. तिथे नाटकांची हँडबिले छापली जात. शाई फासलेले, वाकडे कापले गेलेले कागद ते घरी आणत आणि आम्ही त्यांच्या कोऱ्या बाजूवर अलिफ-बे गिरवत असू. एका बाजूला आमचे उर्दू, दुसऱ्या बाजूला ‘संगीत सौभद्र’. दोन्ही अक्षरे आम्ही एकाच कागदावर शिकलो, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

बी.एड. करताना ग्रंथालयात नाट्येतिहासाचे पुस्तक हाती लागले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्याचे सातांपैकी चारच अंक तयार होते. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ही आधी तीनच अंकांचे झाले, पुरे नाटक पुढच्या वर्षी. म्हणजे आज ज्याला आपण वैभव म्हणतो, ते लोकांसमोर अपुरेच आले आणि लोकांच्या टाळ्यांनी पुरे झाले. आणि अण्णासाहेबांना ही कल्पना सुचली ती पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून, असे सांगितले जाते. ‘इंदरसभा’ म्हणजे लखनौच्या अमानतची उर्दू रचना. पुढे बालगंधर्वांच्या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते आणि सारंगीवर कादरबक्ष. हे वाचले आणि आम्ही रद्दी धुंडाळू लागलो.

जुम्म्याला पहाटे चोरबाजारात जायचे, जुनी वह्यापुस्तके उपसायची. एकदा एका विक्रेत्याने आमचे नाव विचारले आणि म्हणाला, “तुम्हाला हो मराठी नाटकाचं काय?” मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, “मास्टर, गाने-बजाने के काग़ज़ घर में क्यूं?” दोघांना आम्ही उत्तर दिले नाही. दोघांचा प्रश्न एकच होता: हे तुमचे कसे?

आम्ही माहुलला राहायला आलो तेव्हा अब्बा हयात नव्हते. बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने, पलीकडे खाडी. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि खालची ट्रंक भिजली. नेमकी अब्बांच्या कागदांची. गठ्ठ्याची वीट झाली होती. अम्मी आणि आमची बेगम रात्रभर पंख्याखाली बसून एकेक पान सोडवत होत्या. अम्मीला मराठी वाचता येत नाही. पण प्रत्येक पान ती आधी उलटे करून पाही, कारण मागे आमचे गिरवलेले अक्षर असे. अठरा कागद वाचले. बाकीचा लगदा अम्मीने फेकू दिला नाही, तो उन्हात वाळवून ठेवला आहे.

त्यातला एक कागद आम्ही सातवीच्या वर्गात मराठीच्या तासाला नेला. आमची मुले मराठी वाचायला बिचकतात, चूक होईल म्हणून. ‘शाकुंतल’ची हकिगत सांगितली. एका मुलीने विचारले, “सर, अधूरा नाटक क्यूं दिखाया? लोग हंसे नहीं?”

आम्ही म्हणालो, “हसलेही असतील काही. पण पूर्ण होईपर्यंत थांबले असते, तर कदाचित झालेच नसते.”

ती उठली आणि पत्रकावरची पहिली ओळ अडखळत वाचली. दोन ठिकाणी चुकली. आम्ही थांबवले नाही. मग कागद उलटा करून तिने मागचे आमचे अलिफ पाहिले आणि म्हणाली, “सर, ये तो आपका भी टेढ़ा है.”

वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्या विक्रेत्याला आणि त्या बुजुर्गांना द्यायचे उत्तर आमच्याजवळ आता आहे. ते एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंवर आहे.